तांबडीची पिल्लं खुराड्यात कशी मिसळली

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्या शहाणपणामुळे एक पिल्लू मेलं आणि एक धडधाकट कोंबडी तीन आठवडे कोपऱ्यात तोंड घालून बसली. यंदा जानेवारीत तीच कोंबडी पुन्हा खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तेव्हा आधी छातीत धडकीच भरली. आता जून उजाडलाय आणि सगळी एका खुराड्यात झोपतायत. सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते. मला गेल्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही सिंधुदुर्गात राहतो. २०२१ साली डोंबिवलीहून गावच्या घरी आलो. परसात खुराडं आहे, तीन बाजूंनी चिरे, वर कौलं, समोर जाळी, आतून साधारण दहा फूट बाय सहा फूट. वस्ती सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्याला आम्ही फौजदार म्हणतो, पण खरी सत्ता काळीची. दाण्याला पहिली तीच, दांडीवर मधली जागा तिचीच. तिच्याखाली तांबडी आणि पांढरी, मग गिरिराज जातीच्या दोन अवाढव्य, निरुपद्रवी कोंबड्या, आणि सगळ्यांच्या टोची खाणारी कबरी. ही उतरंड मी सुरुवातीला गंमत म्हणून बघायची. तिच्यावर सगळं अवलंबून असतं हे गेल्या वर्षी कळलं.

तेव्हा तांबडी खुडूक बसली म्हणून मी तिला उचलून मागच्या पडवीत नेली होती. पाऊस होता, तिथे कोरडं होतं, शांतता होती. अंडी उबवली, पिल्लं निघाली, तीही पडवीतच वाढवली. सगळं मिळून नऊ आठवडे. मग एका सकाळी आईसकट पिल्लं खुराड्यात सोडली आणि चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर काळी आणि पांढरी मिळून तांबडीला तुडवत होत्या, तिचा तुरा रक्ताने माखला होता आणि एक पिल्लू पाण्याच्या भांड्याशी पडलं होतं. ती त्यांच्यातलीच होती, पण नऊ आठवड्यांत त्यांच्या लेखी परकी झाली होती. पिल्लांसाठी भांडायला तिला स्वतःचीच जागा उरली नव्हती.

यंदा ११ जानेवारीला संध्याकाळी अंडी काढायला गेले तर तांबडी अंड्यांच्या पेटीत चपटी होऊन बसलेली. हात घातला तर पिसं फुलवून गुरगुरली. लगेच अंडी घालायची घाई केली नाही. काही कोंबड्या दोन दिवस नाटक करतात आणि उठून जातात. खाली दोन गुळगुळीत दगड ठेवले आणि तीन रात्री बॅटरी घेऊन बघून आले. तिन्ही रात्री ती दांडीवर न जाता पेटीतच. छातीखालची पिसंही तिने उपटली होती. म्हणजे खरोखर खुडूक.

शेजारच्या काकींना बोलावलं. त्यांच्या हयातीत त्यांनी किती रवणी बसवल्या, म्हणजे किती कोंबड्या अंड्यांवर बसवल्या असतील याचा हिशेब नाही. मी म्हटलं, पडवीत नेऊ का पुन्हा? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "न्हेव नको गो! म्हयनोभर दिसली नाय तर बाकीची तिका वळकतली कशी?"

यंदाचं सगळं या एका वाक्यावर चाललं.

खुराड्याच्याच एका कोपऱ्यात तीन फूट बाय चार फुटांची जागा वेल्डमेशने अडवून घेतली. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. एक इंचाच्या जाळीतून पिल्लाचं डोकं बाहेर येतं आणि पलीकडे चोच तयारच असते. जाळी, दोन पट्ट्या, बिजागऱ्या धरून ७८० रुपये झाले, सुतारकाम नवऱ्याने केलं. आत बांबूच्या टोपलीत तळाला चुलीची राख, त्यावर निगडीचा पाला, त्यावर भाताचा पेंढा. राख आणि पाला उवांसाठी, कारण खुडूक कोंबडी तीन आठवडे जागची फारशी हलत नाही आणि उवांचं फावतं. काकींनी वरून एक कोळशाचा तुकडा टाकला. का, ते विचारलं नाही.

१४ जानेवारीला, संक्रांतीच्या रात्री, अंधारात तांबडीला उचलून टोपलीत ठेवली. दिवसा हलवली तर उठून जुन्या पेटीकडे पळते, रात्री मुकाट्याने बसते. खाली अकरा अंडी. काकींच्या मते विषमच हवीत, आणि मला नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. सात आमची, चार काकींकडची. प्रत्येकावर पेन्सिलने खूण केली, स्केचपेन वापरलं नाही.

पुढचे एकवीस दिवस माझं काम एकच होतं. रोज अकराच्या सुमारास जाळीचं दार उघडून तिला बाहेर ठेवायचं. पहिले चार दिवस उचलूनच काढावी लागली, मग आपली आपण येऊ लागली. बाहेर आली की आधी एक भलीमोठी, भयंकर वासाची घाण टाकायची (खुडूक कोंबडी दिवसभर धरून ठेवते, तिला जुलाब झालेत असं समजून घाबरू नका), मग दाणे, पाणी, राखेत लोळणं, आणि वीसेक मिनिटांत परत. ही वीस मिनिटं ती बाकीच्यांच्यात असायची. काळीने तिसऱ्या दिवशी एक टोच मारली, तांबडीने मान फुगवून उत्तर दिलं, विषय संपला. रोज असं थोडं थोडं चालू राहिलं. तिचा तुरा फिका पडला होता, वजनही उतरलं होतं, पण तिची जागा कुणी घेतली नाही. गेल्या वर्षी मी तिच्याकडून हीच वीस मिनिटं काढून घेतली होती.

२१ जानेवारीला रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी धरून बघितली. नऊ अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं, दोन स्वच्छ, म्हणजे फोल. ती काढली.

याच दिवसांत उदगीरला कावळे मेल्याच्या बातम्या आल्या, मग उरणजवळ चिरनेरला बर्ड फ्लू सापडल्याची. आमच्यापासून लांब, तरी पोटात गोळा आला. गावात एकजण फिरत्या विक्रेत्याकडून पिल्लं घेणार होता. मला म्हणाला, "तुमची खुडूक आहेच, तिच्याखाली माझी दहा सरकवा, सांभाळेल ती." एरवी मी हो म्हटलं असतं. कोंबड्या रात्री सरकवलेली एक दिवसाची पिल्लं आपली म्हणून घेतातही. पण बाहेरचा पक्षी या दिवसांत आवारात नको म्हणून नाही म्हटलं. थोडा वाईटपणा आला.

३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी तांबडी अंड्यांशी बोलायला लागली. हळू, घशातल्या घशात. कान लावला तर आतून चिवचिव. ४ तारखेला दुपारपर्यंत पाच, रात्रीपर्यंत आठ पिल्लं. नववं अंडं आतच गेलं. हा दिवस माझ्यासाठी सगळ्यात अवघड, कारण काहीच करायचं नव्हतं. टरफल सोलायला मदत करायची नाही, दाणा भरवायचा नाही. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस आरामात काढतं. ५ तारखेला तांबडी स्वतःच त्यांना घेऊन टोपलीबाहेर आली.

पाण्यासाठी बरणीचं पसरट झाकण, आणि त्यात खडे. हे विसरू नका. गेल्या वर्षी एक पिल्लू खोल वाटीत बुडता बुडता वाचलं होतं.

खाण्याचा घोळ मात्र मला आठवडाभर सुटत नव्हता. मोठ्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. पिल्लांना साधारण एक टक्का पुरतं आणि जादा झालं तर मूत्रपिंडं खराब होतात. वेगवेगळं ठेवलं तरी सगळे सगळ्यांचं खातात. शेवटी सगळ्यांनाच पिल्लांचं खाद्य, म्हणजे स्टार्टर, चालू केलं आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. ज्यांना अंडी घालायची त्या तो बरोबर खातात, पिल्लं त्याकडे ढुंकून बघत नाहीत. स्टार्टर दुकानात सुटं मिळालं, ४८ रुपये किलो. पोतं घेऊ नका. आमच्याकडच्या दमट हवेत उरलेल्याला बुरशी लागते.

आता लसीची कथा. मानमोडीने (राणीखेत रोगाने) गावची गावं कोंबडीविना झालेली काकींनी पाहिली आहेत, त्यामुळे लस टाळायचा प्रश्न नव्हता. त्यावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात द्यायची असते. ६ फेब्रुवारीला तालुक्याच्या दवाखान्यात गेले. पक्षी किती? आठ. समोरच्यांनी पेन खाली ठेवलं. कुपी शंभर डोसांची, एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, आठ पिल्लांसाठी फोडली तर बाकीची फुकट. आजूबाजूच्या घरांची यादी आणा. घरी येऊन वाडीत फिरले. सात घरं, पासष्ट पक्षी. कोऱ्या कागदावर नाव, गाव, पक्ष्यांची संख्या, वय, मोबाईल नंबर, सही. दोन आजींनी सही करायला नकार दिला, त्यांना वाटलं कर लावणार. १० तारखेला यादी घेऊन गेले तर ज्यांच्याकडे चावी ते बर्ड फ्लूच्या बैठकीला जिल्ह्याला. १३ तारखेला तिसऱ्यांदा गेले तेव्हा मिळाली. शुल्क आणि बर्फ मिळून साठ रुपये, आणि रिक्षाचे तीन फेऱ्यांचे सहाशे.

तुम्हाला जायचं असेल तर तीन गोष्टी. आधी फोन करून साठा आहे का विचारा. यादी पहिल्याच फेरीला न्या. आणि थर्मास न्या, बर्फ घालून. माझ्यापुढे एकजण पिशवीत लस घेऊन निघाला होता, त्याला परत पाठवलं आणि ते योग्यच होतं. ऊन लागलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

संध्याकाळी वाडीभर फिरून थेंब टाकले. डोळ्यात एक थेंब, पिल्लू पापणी मिटेपर्यंत हातात धरायचं, मग सोडायचं. दोन दिवस उशीर झाला होता, पण झाली. ४ मार्चला दुसरा डोस, तेव्हा यादी तयार होती, एका फेरीत काम झालं.

तोवर जाळीपलीकडून पिल्लांची ओळख सुरूच होती. काळी रोज येऊन उभी राहायची, मान वाकडी करून बघायची. पहिल्या दिवशी तिने जाळीवर चोच मारली, आतून तांबडी अशी उसळली की जाळी हलली. नंतर चोच बंद झाली. फौजदाराने मात्र मला चकित केलं. किडा सापडला की जाळीशी आणून टाकायचा आणि कोंबड्यांना बोलावतो तसा टुकटुक आवाज काढायचा. बाप म्हणून करत होता की सवयीने, कुणास ठाऊक.

१५ फेब्रुवारी, शनिवार. पिल्लं अकरा दिवसांची. सकाळी न सोडता मुद्दाम संध्याकाळ निवडली, अंधार पडायला अर्धा तास असताना. सगळ्यांची पोटं भरलेली असतात, लक्ष दांडीकडे असतं आणि काही बिघडलं तरी वेळ कमी असतो. तीन ठिकाणी दाणे टाकले, दोन ठिकाणी पाणी. एक डालगं (बांबूची मोठी टोपली) अर्ध्या विटांवर पालथं घालून ठेवलं, म्हणजे खालच्या फटीतून पिल्लं आत पळू शकतात, मोठी कोंबडी नाही. डालगं ३५० रुपयांना पडलं आणि त्यातला रुपया न् रुपया वसूल झाला.

दार उघडलं. तांबडी बाहेर आली तीच दुप्पट मोठी होऊन. पंख खाली, पिसं ताठ, थेट काळीवर. मागची मारामारी बहुधा तिच्या लक्षात होती, माझ्या तर होतीच. दोघी समोरासमोर उडाल्या, एकदा, दोनदा. मी झाडू उचलला. काकी कुंपणापलीकडून ओरडल्या, "झुजांदेत! रगात येयत तरच मध्ये पड." रक्त आलं नाही. तिसऱ्या उडीला काळी बाजूला झाली आणि मातीत काहीतरी शोधण्याचं सोंग करू लागली. मग तांबडीने प्रत्येकीकडे एकेकदा जाऊन हाच कार्यक्रम केला. कबरी तर आधीच कौलावर.

एक पिल्लू चुकून पांढरीच्या पायात गेलं. तिने एक टोच मारली, पिल्लू किंचाळलं, तांबडी पोचायच्या आत ते डालग्याखाली. बस, एवढंच. एक टोच म्हणजे "माझ्या वाटेत येऊ नकोस". पाठलाग करून टोचत राहणं म्हणजे धोका. हा फरक ओळखायला मला चार संध्याकाळी लागल्या, आणि त्या चारही संध्याकाळी मी हातात झाडू घेऊन ताटकळत उभी होते.

रोज अर्धा तास, मग तास, मग २२ फेब्रुवारीपासून दिवसभर दार उघडं. रात्री मात्र आई आणि पिल्लं जाळीच्या आत.

२४ तारखेला कावळ्याने एक पिल्लू नेलं. ज्यांच्या धास्तीने महिनाभर झुरले त्या कोंबड्यांनी काही केलं नाही, आणि मी वर बघायलाच विसरले. तांबडीने इशारा दिला होता, तो लांबट, किंचाळल्यासारखा आवाज, सात पिल्लं तिच्याखाली धावली, आठवं केळीच्या आळ्यात एकटं होतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी नवरा मालवणला गेला आणि मच्छीमारांकडून फाटकं नायलॉनचं जाळं दोनशे रुपयांना घेऊन आला. परसाच्या अर्ध्या भागावर माडापासून माडापर्यंत ते ताणलं. हे आधी केलं असतं तर आठ राहिली असती.

मार्चात पिल्लं कबुतराएवढी झाली तरी रात्री आईच्या पंखाखाली घुसायची. सातजणं घुसली की तांबडीचे पाय जमिनीवरून उचलले जायचे आणि ती पिल्लांच्या ढिगावर तरंगल्यासारखी दिसायची. आतली जमीन या दिवसांत कोरडी ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत रक्ती हगवण लागायची भीती असते आणि ती ओल्या भुशात वाढते. मी एक दिवसाआड वरचा थर काढत होते. कंटाळवाणं काम, पण ते चुकवलं नाही.

१३ मार्चला होळी. गावात ढोल, माणसांची ये-जा, कुत्र्यांचा गोंधळ. रात्री मोजायला गेले तर तांबडी दांडीवर, आपल्या जुन्या जागी, काळीच्या शेजारी. खाली सात पिल्लं आकांत करत होती. मला वाटलं, ढोलांना घाबरून वर गेली. पण दुसऱ्या रात्रीही तेच. ती मुक्काम हलवत होती. नवऱ्याने एका फळीवर आडव्या पट्ट्या ठोकून चढण केली. पहिल्या रात्री मी एकेकाला उचलून दांडीवर ठेवलं, दुसऱ्या रात्री चार आपली आपण चढली, पाचव्या रात्री सगळी. आता ती जाळीआड नव्हती, सरळ बाकीच्यांमध्ये झोपत होती, आणि पहाटे उजाडू लागलं की सगळी एकत्रच खाली उतरायची. जे मिसळणं मी दिवसा दाणे टाकून करत होते, त्यातलं अर्धं या दांडीने केलं असं मला वाटतं.

२५ मार्चला तांबडीचा तुरा पुन्हा लालभडक, आणि पेटीत तिचं अंडं. त्याच दुपारी तिने आपल्याच पिल्लाला टोचून हाकललं. दाण्यावरून! ज्या किड्यासाठी महिनाभर हाका मारायची तो आता स्वतः गिळत होती. पिल्लू दोन पावलं मागे गेलं आणि पुन्हा आलं, त्याला कळेचना. मला रडू आलं, हे सांगायला हरकत नाही. काकींना त्यात काही विशेष वाटलं नाही.

पिल्लं त्यानंतर टोळी करून फिरू लागली. सगळ्यांत खालची पायरी त्यांची, पण सातजणं एकत्र असली की कुणी फार वाकडं जात नाही. ३० मार्चला, पाडव्याला, मी मधली जाळी काढणार होते. दार काढलं, चौकट तशीच ठेवली. डालगं अजून जागेवर आहे, पण त्याखाली आता पिल्लं मावत नाहीत. कबरी मात्र त्याच्यावर चढून बसते, कारण आयुष्यात पहिल्यांदा तिला टोचायला सातजणं मिळाली आहेत.

खर्चाचा हिशेब विचाराल तर जाळी ७८०, डालगं ३५०, मच्छीमारांचं जाळं २००, लसीचे दोन वेळचे मिळून १२०, रिक्षा ८००, स्टार्टर तीस किलो १,४४०. एकूण ३,६९०. सात पक्ष्यांचे. बाजारातून तलंगा (वयात येणाऱ्या कोंबड्या) घेतल्या असत्या तरी एवढ्याच पैशांत आल्या असत्या, हे नवऱ्याने एकदाच म्हटलं.

सातांपैकी चार तलंगा आहेत, तीन कोंबे, म्हणजे तरुण कोंबडे. त्यातल्या एकाने मे महिन्यात आरवायचा प्रयत्न केला, दाराला तेल नसल्यासारखा आवाज. फौजदाराने त्याला परसाच्या टोकापर्यंत पळवलं. काकी रोज कुंपणावरून त्यांची मापं घेतात. "तीन आसत मां? गटारेक बरे होतले." मी विषय बदलते.

आणि गेल्या मंगळवारपासून कबरी अंड्यांच्या पेटीत चपटी होऊन बसली आहे. हात घातला की गुरगुरते. पाऊस सुरू झालाय, या ओलीत पिल्लं काढू नको असं काकींचं म्हणणं आहे. दोन दगड तिच्याखाली ठेवलेत, आज तिसरी रात्र आहे, बॅटरी घेऊन बघून येते. चौकटीचं दार माळ्यावर टाकलं होतं, तेही शोधायला हवं.